चिखलदऱ्याला रोपवे आहे का? आजींना गुडघेदुखीमुळे चढवत नाही.

नाही, चिखलदऱ्याला रोपवे नाही. पण आजींना चढावं लागणारच नाही, परतवाड्याहून डांबरी घाटरस्त्याने एसटी थेट वर गावात जाते. आम्ही अचलपूर तालुक्यातले, याच रस्त्याने नेहमी जातो. घोळ होतो तो स्कायवॉकमुळे. सिडकोने हाती घेतलेला तो ४०७ मीटरचा पूल गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांच्यामधल्या दरीवरचा, पायी चालण्याचा आहे. रोपवेत दोरावरून पाळणा सरकतो, इथे आपणच चालायचं. आजचा रस्ता सोपा वाटतो, पण १८०३ मध्ये इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्याला वेढा घातला तेव्हा सैनिकांनी आधी वाट खोदली आणि मग अवजड तोफा जवळजवळ सगळं अंतर हातांनी ओढत डोंगरापलीकडे, गडाच्या उत्तरेला नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला.

एक मात्र सांभाळा: पावसाळ्यात घाटात इतकं धुकं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. आजी सोबत असतील तर सकाळी उशिरा निघा, अंधार पडायच्या आत खाली या. वळणांवर मळमळतं, त्यांना पुढच्या सीटवर बसवा. भीमकुंड, देवी पॉइंट गाडीने होतं. गाविलगड मात्र त्यांच्यासाठी नको, आत बरंच चालावं लागतं.