वेस्टर्न (अमेरिकेतल्या काउबॉयांच्या कथा) आणि परीकथा एकत्र करून साहसकथा लिहायची आहे. जादू कितपत घालू? (नागपूर)

जादू हवी तेवढी घाला, पण घोडा आणि पिस्तूल खरं ठेवा. वाचक चेटकिणीवर विश्वास ठेवतो. दिवसभर चौखूर उधळणाऱ्या घोड्यावर नाही.

स्वारासह घोडा चालीने ताशी 6-7 किलोमीटर जातो. दिवसाला 40-50 म्हणजे चांगली मजल, थोडक्यात नागपूर ते रामटेक. उन्हाळ्यात त्याला दिवसाला 40 लिटरच्या वर पाणी लागू शकतं. त्यामुळे वाळवंटात विहीर कोणाच्या ताब्यात, यावरच अर्धं कथानक उभं राहतं. वैशाखातलं आपलं ऊन आठवा, म्हणजे वर्णन शोधत बसावं लागणार नाही.

1873 च्या कोल्ट पिस्तुलात घरं सहा, पण घोडा चुकून आपटून बार उडू नये म्हणून बरेच जण पाचच गोळ्या भरत. (हा घोडा पिस्तुलाचा, बरं का!) रिकामी काडतुसं बाजूच्या झडपेतून दांडीने एकेक ढकलून काढायची, मग एकेक भरायची. शिवाय काळ्या दारूचा धूर इतका की दोन-चार बारांनंतर समोरचं धड दिसत नाही. राक्षसाला निसटायला एवढी फट पुरे.

परीकथेतून मंत्रांची पोतडी उचलू नका, अट उचला: तीनच वेळा, सूर्य मावळेपर्यंत, मागे न बघता. सहावं रिकामं घर जादूच्या गोळीसाठी राखलं आणि ती झाडणारा स्वतःचं नाव विसरणार असेल, तर दोन्ही प्रकार एकजीव होतात. अट पहिल्या दोन-तीन प्रकरणांत सांगून टाका. शेवटी सांगितली तर ती पळवाट वाटते.