जहाजातून रोम बघायचंय?
अहो, कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' छापलंय म्हणून जहाज रोमला लागत नाही. ते थांबतं चिविटावेक्किया नावाच्या बंदरात. तिथून रोम 70-80 किलोमीटर, ट्रेनने तासभर तरी. म्हणजे हातात उरतात जेमतेम पाच-सहा तास. त्यात कलोसियम आणि व्हॅटिकन दोन्ही कोंबू नका. मी कोंबलं, आणि व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपलचं छत एक डोळा घड्याळावर ठेवून पाहिलं! कलोसियमचं वेळ ठरलेलं तिकीट घरूनच काढा. परतीची गाडी जहाज सुटायच्या तीन तास आधीची धरा. स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्यासाठी कप्तान थांबत नाही. आणि हो, वाटेत तुर्कस्तानचं कुशादासी बंदर असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एन्ट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येऊ देणारा घ्या. तुर्कस्तान शेंगेनबाहेर आहे. कुशादासीजवळचं प्राचीन शहर एफेसस बघून पुन्हा ग्रीसमध्ये उतरताना तोच लागतो.