तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : खातं गोठलं, रोकड अडकली

प्रश्न : भुसावळला माझं मोबाईल अ‍ॅक्सेसरीजचं छोटं दुकान आहे. एका अनोळखी गिऱ्हाइकानं २,४०० रुपयांचा माल घेतला, युपीआय केलं आणि गेला. काही दिवसांनी माझं पूर्ण खातंच बंद! बँक म्हणते दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांचा मेल आलाय, आमच्या हातात काही नाही. होलसेलवाल्याचा चेक परत गेला, पोराची फी राहिली. ताई, मी काय गुन्हा केला?

उत्तर : काहीच नाही भाऊ. कुणीतरी कुठेतरी फसला, त्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, आणि ते पैसे ज्या ज्या खात्यातून फिरले ती सगळी खाती पोलिसांनी अडवली, त्यात तुमचंही आलं. हा अधिकार आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि बँक खातं पण यात येतं हे सुप्रीम कोर्टानं १९९९ लाच तापस नियोगी केसमध्ये सांगितलंय. पण त्याच कलमात हे पण आहे की जप्तीचा रिपोर्ट पोलिसांनी लगेच मॅजिस्ट्रेटला द्यायचा. ते झालं का, हे विचारा.

आधी बँकेत लेखी अर्ज द्या, पोचवर शिक्का घ्या, आणि तक्रार नंबर, पोलीस ठाणं, रक्कम, कलम हे सगळं लेखी मागा, तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. मग त्या ठाण्याला मेल करा, सोबत बिल, युपीआयचा ट्रान्झॅक्शन नंबर, गुमास्ता नाहीतर उद्यमचं सर्टिफिकेट, तो माल तुम्ही कुठून घेतला त्याचं बिल, आणि सीसीटीव्ही असेल तर फुटेज आजच कॉपी करा कारण ते आपोआप पुसलं जातं. मागणी स्पष्ट करा : वादाचे २,४०० तेवढे होल्ड ठेवा, बाकी खातं सोडा. एवढ्याशा रकमेपायी अख्खा धंदा बसवणं हा सरळ अन्याय आहे, आणि हे मी ठासून सांगते.

ऐकलंच नाही तर वकिलामार्फत त्याच नव्या संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, त्यापुढे हायकोर्टात रिट याचिका, खान्देशासाठी ते औरंगाबाद खंडपीठ. वकील परवडत नसेल तर जळगावच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. "खातं उघडून देतो, एवढे पैसे टाका" म्हणणाऱ्या एजंटला एक रुपया देऊ नका.

प्रश्न : मी रावेरचा केळी व्यापारी, मजुरांचे आणि शेतकऱ्यांचे पैसे रोख द्यावे लागतात. इलेक्शनच्या नाक्यावर रोकड धरली तर?

उत्तर : आचारसंहितेत ५० हजारांच्या वर रोख असेल तर कागद जवळच ठेवा : बँकेतून काढल्याची स्लिप, काटापट्टी (मालाच्या वजनाची चिठ्ठी), कुणाला किती द्यायचे त्याची यादी. बऱ्हाणपूरकडे जाणाऱ्यांनी तर नक्कीच, सीमेवर तपासणी जास्त असते. धरलीच तर पंचनामा आणि पावती घेतल्याशिवाय हलू नका. नंतर जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करा, तिच्यात झेडपीचे सीईओ, निवडणूक खर्चाचे नोडल अधिकारी आणि कोषागार अधिकारी असतात. पैशाचा उमेदवाराशी किंवा पक्षाशी संबंध नसेल आणि गुन्हा दाखल नसेल तर समिती रोकड सोडायला सांगते. गुन्हा दाखल नसताना मतदानानंतर ७ दिवसांच्या वर रोकड अडकवून ठेवता येत नाही. दहा लाखांच्या वर असेल तर इन्कम टॅक्सला कळवतात, तिथे तुमची वही चोख हवी.