वाचकांचे प्रश्न : डिझेल सेडानऐवजी इलेक्ट्रिक घ्यावी का?

प्रश्न : वडोदऱ्यात दांडिया बाजारजवळ राहतो. जुनी आलिशान डिझेल सेडान देऊन बीएमडब्ल्यू आय-५ घेण्याचा विचार आहे. महिन्यातून एकदा मुंबईला जावं लागतं. घरी काय तयारी करू?

उत्तर : गाडी बुक करण्याआधी वायरमन बोलवा. आय-५ ची बॅटरी सुमारे ८१ युनिटची (किलोवॅट-तास). ७.४ किलोवॅटचा चार्जर तिला २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला सात तासांच्या आसपास घेतो, म्हणजे रात्रभरात काम होतं. पण हा चार्जर तासन्‌तास ३२ अँपिअर ओढतो. त्यासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, किमान ६ चौरस मिमीची तांब्याची केबल (अंतर जास्त असेल तर १०), ४० अँपिअरचा एमसीबी (जादा करंट ओढला गेला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) हवा. मंजूर भार कमी असेल तर वीज कंपनीकडे आधीच वाढवून घ्या.

चार्जिंग मध्येच तुटतं ते बहुतेक वेळा अर्थिंगमुळे. जुन्या वाड्यांत ते नावालाच असतं. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. तो जास्त निघाला तर नवा अर्थिंग खड्डा करा. एक्स्टेंशन बोर्ड चुकूनही वापरू नका, प्लग वितळतो.

मुंबई साधारण ४०० किमी. वेग वाढला की हवेचा अवरोध वाढतो आणि रेंज झपाट्याने घटते, म्हणून वाटेत एकदा डीसी चार्जिंग (सार्वजनिक स्टेशनवरचं जलद चार्जिंग) धराच. तेही ८० टक्क्यांपर्यंतच, पुढे चार्जिंगचा वेग मंदावतो.