नुसतं हा हा करून काय होणार?

प्रश्न: मी ५८ वर्षांची. यजमानांना जाऊन दीड वर्ष झालं. लेकीच्या आग्रहाखातर पंधरा दिवसांपासून बागेतल्या हास्यक्लबला जाते. पण हसू ओढूनताणून येतं, घसा बसतो. परवा तर सगळ्यांसमोर रडूच कोसळलं. जोरात हसलं की लघवीचे थेंबही जातात. ‘नवरा गेला आणि ही खिदळतेय’ असं लोक म्हणत असतील, याचीही लाज वाटते. सोडून देऊ का?

उत्तर: ताई, जाणं सोडू नका, हसण्याची पद्धत बदला.

तिथलं हसू ओढूनताणूनच आणायचं असतं. मार्च १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी मुंबईत लोखंडवालाच्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा रोज विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरले ते टोचणारे आणि अचकटविचकट. मग विनोदच काढून टाकले. म्हणून तिथं हसणं म्हणजे दुःख संपल्याची कबुली नव्हे. प्राणायामासारखाच तो श्वासाचा व्यायाम आहे. यजमानांच्या आठवणीला त्यानं कसलाही धक्का लागत नाही.

घसा बसतो, कारण हसू गळ्यातून निघतंय. एक हात बेंबीवर ठेवा. नाकानं श्वास घ्या, पोट फुगू द्या. मग ‘हो हो, हा हा हा’ म्हणत हसताना प्रत्येक ‘हो’ला पोट आत गेलं पाहिजे. हात हलला नाही तर समजा, गळाच ताणला जातोय. आवाज शेजारच्याशी बोलण्याइतकाच. ३०-४० सेकंद हसलात की थांबा आणि दोन लांब श्वास घ्या: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. घाईत नेमके हेच श्वास गाळले जातात आणि मग चक्कर येते. सगळं मिळून १५ मिनिटं पुरे.

संकोच वाटतो तोवर लस्सीहास्य करा. दोन्ही हातांत पेले आहेत असं समजून ‘एऽऽ’ म्हणत लस्सी यातून त्यात, पुन्हा त्यातून यात ओतायची आणि मान मागे करून हसत प्यायची. हात गुंतले की लोकांच्या नजरा कमी टोचतात.

रडू आलं तर ते हसून दाबू नका. बाजूच्या बाकावर बसा, येऊ द्या. क्लब घेणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे कुणी ‘हसा, हसा’ करत मागे लागणार नाही.

थेंब जाणं या वयात अनेकींना होतं. हसताना पोटातला दाब खाली येतो आणि सैल पडलेले स्नायू तो पेलत नाहीत. आधी लघवीला जाऊन या, उड्या टाळा, खुर्चीत बसून हसा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते ५ सेकंद आवळा, ५ सेकंद सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम नको. गुण यायला दोन-तीन महिने लागतात. स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवाच. हर्निया, काचबिंदू, आटोक्यात नसलेलं बीपी किंवा नुकतंच झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोरात हसू नका.

झोपेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, म्हणून विचारते. सलग दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं होतंय का? तर हास्यक्लबवर विसंबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच क्षणी लेकीला सांगा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, रात्रीही फोन लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उद्या बागेत गेलात की पहिली पाच मिनिटं फक्त टाळ्या वाजवा, बोटांवर बोटं, तळव्यावर तळवा: हो हो, हा हा हा. बाकीचं जमेल तेव्हा.