पावती मागायची कुणाकडे?

सातारा

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

आपण शेजाऱ्यांना केलेल्या मदतीवरचा तुझा निबंध पोचला. भाषा चांगली, अक्षर मात्र दहावीत होतं तसंच. १९७१ च्या युद्धात ढाक्यात शरण आलेले ९३ हजार पाकिस्तानी, सीमा ओलांडून आलेले एक कोटी निर्वासित, सगळं जागच्या जागी आहे. माझं भांडण तिसऱ्या पानाशी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये जमावानं त्यांच्या वडिलांचं, बांगलादेशचे संस्थापक मुजीबांचं, ढाक्याच्या धानमंडीतलं घर पाडलं, आणि त्यावर तू लिहिलंस, 'गरज सरो, वैद्य मरो. बांगलादेश कृतघ्न निघाला.' मुलाखतीत असं बोललास तर समोरून एकच प्रश्न येईल : वैद्यानं फी घेतली नव्हती का?

घेतली होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक कोटी माणसं कायमची पोसणं आपल्याला परवडणारं नव्हतं आणि पूर्वेकडे पाकिस्तानी फौज आपल्याला नकोच होती. १६ डिसेंबर १९७१ ला दोन्ही दुखण्यांवर उतारा मिळाला. इंदिराबाईंचं शहाणपण मला त्याच्या पुढच्या तीन महिन्यांत जास्त दिसतं. मार्च १९७२ मध्ये आपली फौज ढाक्यात निरोपाचं संचलन करून परत फिरली. जिंकलेल्या शहरातून इतक्या लवकर बाहेर पडायला धमक लागते.

उपकार करणाऱ्याचं मन कसं फिरतं हे बघायला तुला ढाक्याला जायला नको. ज्यांच्या नावाच्या शाळेत तू शिकलास त्या प्रतापसिंह महाराजांचंच बघ. पेशव्यांच्या पहाऱ्यात वाढलेला छत्रपती. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत ते इंग्रजांच्या हाती लागले आणि इंग्रजांनी त्यांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. हेतू उघड होता. पेशवाई बुडाल्यावर मराठे बिथरू नयेत, एवढाच. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात कलम घातलं की बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी परस्पर पत्रव्यवहार करायचा नाही, जे काय असेल ते कंपनीच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे साताऱ्यातल्या तिच्या प्रतिनिधीमार्फत. महाराजांनी कारभार नेटका केला, रस्ते केले, शहरात पाणी आणलं, शाळा काढल्या. म्हणजे कंपनीला हवा होता तो निकाल मिळाला होता! तरी भागलं नाही. कटाचे आरोप ठेवून १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक साताऱ्यात आला आणि म्हणाला, अटी मान्य करा, गादी राहील. मान्य करणं म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणं, म्हणून महाराजांनी नकार दिला. गादी गेली, काशीला रवानगी झाली, १८४७ मध्ये तिथंच वारले. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनला दाद मागत राहिले, आणि इकडे १८४८ मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा करून टाकलं. ज्यानं गादीवर बसवलं त्याला उठवण्याचाही हक्क आपलाच वाटायला लागतो. आपण सातारकरांनी तरी हे विसरू नये.

आता तू म्हणशील, सर, आभार राहू द्या, निकाल तरी मागायचा की नाही? माग की. पण कशाच्या जोरावर मागतोस ते आधी स्वतःशी पक्कं कर. शेजाऱ्यानं आपल्याविरुद्धचे बंडखोर पोसू नयेत, ही मागणी रास्त आहे. पण ती नेपाळकडेही रास्त आहे, म्यानमारकडेही. तिला १९७१ ची पुरवणी जोडायची गरज नाही, जोडलीस तर ती कमजोरच होते. ढाक्यातल्या आज विशीत असलेल्या पोरानं युद्ध पाहिलेलं नाही. आजोबांच्या वेळचं देणं त्याच्याकडे मागितलंस तर तो चिडणारच.

शिवाय निकालाची वही दोन्ही बाजूंनी लिहिली जाते. सीमेचा करार इंदिरा गांधी आणि मुजीब यांनी मे १९७४ मध्ये केला. बांगलादेशच्या संसदेनं तो त्याच वर्षी मंजूर केला. आपल्या संसदेनं कधी, ते तुझ्या निबंधात कुठंच नाही. २०१५ मध्ये! त्यांच्या हद्दीत आपल्या जमिनीची १११ बेटं आणि आपल्या हद्दीत त्यांच्या जमिनीची ५१. चारी बाजूंनी परका देश, नावाला एका देशाचे आणि राहायला दुसऱ्यात, अशी तिथली हजारो माणसं. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची सुटका झाली. ही ४१ वर्षं ढाक्यानं आपल्या नावावर मांडली तर आपल्याकडे उत्तर काय?

२८ फेब्रुवारी २०२५ ला व्हाइट हाउसमध्ये कॅमेऱ्यांसमोर युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांना विचारलं गेलं, एकदा तरी आभार मानलेत का? ते दृश्य तुला आवडलं नव्हतं, तू मला फोनवर तसं म्हणाला होतास. याच युक्रेननं १९९४ मध्ये बुडापेस्टच्या कराराखाली, सुरक्षेच्या हमीवर, आपल्या भूमीवरची अण्वस्त्रं सोडून दिली होती. तिसऱ्या पानावर तूही तोच प्रश्न विचारतोस, फक्त मराठीत.

मग जाब विचारायचा कुणी आणि कुणाला? आपल्या साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला जाऊन ये. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. इंग्रजांनी स्तंभ उभारून दिला, झालं. त्याच युद्धात मराठा पलटणी इराकमधल्या कूटच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेनं शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर इंग्रजांच्या जनरल मॉडनं जाहीर केलं, आम्ही जेते नाही, मुक्तिदाते आहोत. १९२० मध्ये इराकी इंग्रजांविरुद्ध उठले. लंडनला ते कृतघ्न वाटले असतील. पण आमची पोरं तिकडे कशासाठी मेली, हे लंडनला विचारायची सोय अपशिंग्याला नव्हती.

आपल्याला आहे. जुलै १९८७ च्या करारानंतर आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली, मार्च १९९० मध्ये परत आली, सुमारे १२०० जवान गमावून. ज्यांच्यासाठी गेलो त्या तमिळांच्या वाघांशीच, म्हणजे एलटीटीईशीच, लढावं लागलं, आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांच्या सरकारनं आपल्याविरुद्ध त्याच वाघांना शस्त्रं दिली. याला कृतघ्नपणा म्हणून आपण मोकळे झालो. पण हेतू काय ठरला होता, किती दिवसांत परतायचं होतं, हे कोलंबोला नाही, दिल्लीला विचारायचे प्रश्न आहेत. ज्या घरातला पोरगा गेला त्या घराचा तो हक्क आहे. तुझ्या निबंधात श्रीलंका दीड ओळीत उरकली आहेस, तिला पानभर जागा दे.

तिसरं पान नव्यानं लिही. ९३ हजारांचा आकडा राहू दे, त्याच्या शेजारी १११ आणि ५१ येऊ देत. 'कृतघ्न' खोड. वैद्याची म्हण ठेवायचीच असेल तर फीसकट ठेव. रविवारपर्यंत पाठवलंस तर सोमवारी तपासून देतो.

तुझे सर