वाचकांचे प्रश्न : तिघेही तटस्थ, मग स्वीडनच कसा वाचला?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन तिघांनीही तटस्थता जाहीर केली होती. जर्मनीने पहिल्या दोघांवरच हल्ला का केला?

उत्तर : कारण जर्मनीला हवे ते स्वीडनकडून लढाईविनाच मिळत होते. किरुना-येल्लिवारे भागातले लोहखनिज उन्हाळ्यात लुलेओ बंदरातून जाई. हिवाळ्यात ते बंदर गोठले की माल रेल्वेने नॉर्वेच्या नार्विकला नेत, कारण तिथला समुद्र गोठत नाही. म्हणजे खाण स्वीडनची, पण हिवाळ्यातले दार नॉर्वेचे. ब्रिटन ते दार बंद करील ही जर्मनीला धास्ती होती. डेन्मार्क पडला तो वाटेत, विमानतळांसाठी.

९ एप्रिल १९४० रोजी हल्ला झाला. डेन्मार्कने काही तासांतच शस्त्रे खाली ठेवली. ऑस्लोच्या खाडीत मात्र ऑस्कार्सबोर्ग किल्ल्याने ‘ब्ल्यूशर’ ही नवीकोरी युद्धनौका बुडवली. किल्ल्यावर माणसे इतकी कमी होती की २८ सेंमीच्या तोफांचे दोनच गोळे सुटले. उरलेले काम पाणतीरांनी केले. त्या जुन्या तोफा जर्मनीच्याच क्रुप कारखान्यातल्या! युद्धनौका बुडाल्याने जर्मनांना ऑस्लो घ्यायला उशीर झाला; त्यामुळे नॉर्वेचा राजा हाकोन सातवा निसटला आणि नॉर्वे १० जूनपर्यंत लढला.

स्वीडनची तटस्थता सोवळी नव्हतीच. १९४० ते ऑगस्ट १९४३ रजेवरचे जर्मन सैनिक स्वीडिश रेल्वेने ये-जा करत. १९४१ मध्ये एक अख्खी जर्मन डिव्हिजन (हजारो सैनिकांचे दल) त्याच वाटेने फिनलंडकडे गेली. वारे फिरल्यावर, ऑक्टोबर १९४३ मध्ये, त्याच स्वीडनने डेन्मार्कमधल्या सात हजारांहून अधिक ज्यूंना आसरा दिला.